कळ दाबताना हाताला कळ येऊ नये म्हणून

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पोट, गुडघे आणि मधुमेह यांविषयीचे प्रश्न नेहमीच अधिक असतात. अलीकडे मात्र हाताच्या बोटांविषयीची पत्रे वाढू लागली आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा शेवट एकाच प्रश्नाने होतो : आम्ही कोणता कीबोर्ड घ्यावा? सिन्नरची एक विद्यार्थिनी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करीत आहे. रोज तीन तास सराव झाल्यावर तिची करंगळी आणि मनगट ठणकते. नाशिकरोडच्या एका निवृत्त टंकलेखकांनी अवघे आयुष्य टंकयंत्रावर काढले. आता घरी संगणकावर अर्ज, दस्तऐवज टाईप करून देतात आणि रात्री हाताला मुंग्या येऊन त्यांना जाग येते. सिडकोतील एका मातेचा प्रश्न निराळाच आहे. त्यांच्या मुलाला रंगीबेरंगी दिवे लागणारा, टकटक वाजणारा ‘मेकॅनिकल’ कीबोर्ड हवा आहे. तो म्हणतो, त्याने हात दुखत नाहीत. हे खरे का?

हा प्रश्न दुकानदाराला विचारावा, डॉक्टरांना कशाला, असे कोणी म्हणेल. पण चप्पल चुकीची असली की टाच दुखते आणि मग रुग्ण आमच्याकडेच येतो. कीबोर्ड ही बोटांची चप्पलच आहे. म्हणून वाचकहो, आज या वस्तूकडे जरा वैद्यकाच्या दृष्टीने पाहू.

बोटांना काम किती पडते?

शासकीय नोकरीतील लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीचा वेग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द असावा लागतो. सरासरी एका शब्दाला पाच ठोके धरले, तर ३० शब्दांच्या वेगाने मिनिटाला १५० आणि तासाला ९,००० ठोके होतात. तीन तास सराव करणारी मुलगी २७,००० वेळा कळ दाबते. घरात जात्यावर दळणाऱ्या किंवा द्राक्षबागेत दिवसभर घडांची विरळणी करणाऱ्या हातांना आपण कष्टाचे हात म्हणतो. टंकलेखन हेही त्याच जातीचे काम आहे. फरक इतकाच, की इथे जोर कमी लागतो आणि पुनरावृत्ती फार असते.

ही तक्रार संगणकाबरोबर आली असेही नाही. कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिणारा इटलीतील डॉक्टर बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने अठराव्या शतकाच्या आरंभीच लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे सांगितली होती : सतत बसून राहणे, हाताची एकच एक हालचाल पुन्हा पुन्हा करणे आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. बोरूच्या जागी कीबोर्ड आला, कारणे मात्र तीच राहिली.

बोटे हलविणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात, ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. तेथून निघालेल्या दोऱ्यांसारख्या कंडरा मनगटातून पुढे बोटांपर्यंत जातात. विहिरीवरच्या रहाटाचा दोर जसा कप्पीवरून सरकतो तशा त्या सरकतात. मनगट सरळ असेल तर दोर सरळ सरकतो. मनगट वर वाकलेले किंवा बाजूला वळलेले असेल तर तो कडेला घासतो. कीबोर्ड निवडताना आणि मांडताना हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले, की पुढचे सारे समजणे सोपे जाते.

कळेखाली काय असते?

बाजारात पाचशे-सातशे रुपयांना मिळणाऱ्या साध्या कीबोर्डमध्ये कळांखाली रबराची एक चादर असते. तिला छोट्या छोट्या टोप्यांसारखे फुगवटे असतात. कळ दाबली की टोपी पिचकते आणि तिच्याखालच्या पातळ पापुद्र्यांचा एकमेकांना स्पर्श होऊन अक्षर उमटते. हा स्पर्श बहुधा कळ तळाला टेकता टेकताच होतो. त्यामुळे प्रत्येक अक्षरासाठी बोट तळापर्यंत न्यावे लागते आणि तेथे ते कठीण पृष्ठभागावर आदळते. रबर जुने झाले की काही कळा जड होतात, काही ढिल्या पडतात.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळेखाली स्प्रिंग असलेले एक स्वतंत्र बटण असते. जर्मनीतील चेरी कंपनीने १९८०च्या दशकात बनविलेली बटणे आजही या धंद्यात मापदंड मानली जातात. साधारण दहा वर्षांपूर्वी त्यांच्या पेटंटची मुदत संपल्यावर चिनी कंपन्यांनी तशीच बटणे बनविली आणि असे कीबोर्ड दीड-दोन हजारांपासून मिळू लागले. या बटणाचा पूर्ण प्रवास सुमारे ४ मिलिमीटर असतो, पण अक्षर साधारण २ मिलिमीटरवर, म्हणजे अर्ध्या वाटेतच उमटते. बोटाला तळ गाठण्याची गरज उरत नाही. मेकॅनिकल कीबोर्डचा हाताच्या दृष्टीने खरा फायदा हा एवढाच आहे, आणि तो लहान नाही. मात्र तो आपोआप मिळत नाही, हात हलका पडला तरच मिळतो.

टंकयंत्राची जुनी सवय

नाशिकरोडच्या निवृत्त वाचकांचे दुखणे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकयंत्र बाजारात आणले आणि २००९मध्ये त्याचे उत्पादन थांबविले. महाराष्ट्रात शासकीय टंकलेखन परीक्षा २०१७पर्यंत टंकयंत्रावर होत होत्या. त्यानंतर त्या पूर्णपणे संगणकावर गेल्या. म्हणजे आज पन्नाशी-साठीत असलेल्या बहुतेक टंकलेखकांचे हात टंकयंत्रावर घडलेले आहेत.

टंकयंत्रावर कळ म्हणजे एका तरफेचे टोक. तिला जोराचा झटका दिला तरच अक्षराचा दांडा उसळून फितीवर आदळे. खाली तीन-चार कार्बन प्रती असतील तर जोर आणखी लागे. ‘ठोका’ हा शब्द तिथूनच आला. संगणकाला अशा ठोक्याची गरज नाही. कळ हलकेच दाबली किंवा घणासारखी आपटली, तरी अक्षर एकच आणि तसेच उमटते. पण वर्षानुवर्षांची सवय अशी जात नाही.

टंकयंत्र कधीच न पाहिलेले लोकही फारसे हलके टाईप करीत नाहीत. अमेरिकेत १९९०च्या दशकात झालेल्या मोजणीत असे आढळले, की टाईप करणारी माणसे कळेला लागणाऱ्या जोराच्या अडीचपट ते जवळजवळ चौपट जोर लावतात. म्हणजे कळ ६० ग्रॅमची असेल तर बोट दीडशे-दोनशे ग्रॅमने आदळते. हा जादा जोर टायपिंगला कोणत्याही उपयोगाचा नसतो, तो सगळा बोटांचे सांधे आणि कंडरा सोसतात.

यावरून एक सोपी परीक्षा करता येते. टाईप करताना आपला आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जातो का, हे घरच्यांना विचारा. जात असेल तर नवा कीबोर्ड घेण्याआधी हात हलका करायला हवा. रोज दहा मिनिटे मुद्दाम सावकाश आणि आवाज न करता टाईप करावे. दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवू लागतो. वेग घटेल ही भीती अनाठायी आहे. तळापर्यंत न जाणारे बोट लवकर परत येते.

निळी, तपकिरी, लाल

मेकॅनिकल बटणांच्या जाती रंगांवरून ओळखल्या जातात. दुकानात हेच रंग सांगितले जातात, म्हणून त्यांचा अर्थ ठाऊक असावा. त्यांचा जोर समजण्यासाठी एक घरगुती माप सांगतो. दहा रुपयांचे एक नाणे सुमारे पावणेआठ ग्रॅमचे असते. सहा नाणी तळहातावर ठेवली की साधारण ४५ ग्रॅम होतात आणि आठ नाणी ठेवली की ६० ग्रॅम.

निळ्या जातीत कळ अर्ध्यावर गेली की बोटाला एक टप्पा लागतो आणि ‘टिक्’ असा आवाज होतो. तो टप्पा ओलांडायला सुमारे ६० ग्रॅम जोर लागतो. अक्षर उमटल्याची खूण बोट आणि कान या दोघांनाही मिळते, त्यामुळे टंकयंत्रावर शिकलेल्यांना ही जात लगेच आपलीशी वाटते. टीव्हीएस कंपनीचा ‘गोल्ड’ हा अनेक सरकारी कचेऱ्यांत आणि बँकांत वर्षानुवर्षे दिसणारा कीबोर्ड याच जातीचा. एकाच खोलीत कोणी झोपलेले किंवा अभ्यास करीत असेल तर मात्र हा आवाज त्रासाचा होतो.

तपकिरी जातीत टप्पा लागतो, पण ‘टिक्’ होत नाही. तो निळ्यापेक्षा मऊ असतो, जोरही थोडा कमी लागतो. रोज अनेक तास टाईप करणाऱ्या आणि बोटे दुखण्याची तक्रार असलेल्या बहुतेक रुग्णांना मी याच जातीपासून सुरुवात करायला सांगतो.

लाल जातीत टप्पाही नाही आणि आवाजही नाही. सुमारे ४५ ग्रॅम जोराने कळ लोण्यासारखी खाली जाते. गेम खेळणाऱ्यांना ही आवडते, कारण एकच कळ पुन्हा पुन्हा झटपट दाबता येते. टायपिंगला मात्र तिच्यात एक अडचण आहे. अक्षर कधी उमटले हे बोटाला कळत नाही, म्हणून नवशिका दर वेळी तळापर्यंत जातो. जोर कमी असूनही बोट आदळतेच. काळी नावाची आणखी एक जात आहे. ती लालसारखीच, पण ६० ग्रॅमची जड असते. दुखऱ्या हातांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

कळ बदलून खरोखर आराम पडतो का? १९९९ साली अमेरिकेत एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध झाला. हाताला वेदना आणि मुंग्या असलेल्या वीस संगणक वापरणाऱ्यांना दोन वेगवेगळ्या प्रकारच्या कळांचे कीबोर्ड देण्यात आले. बारा आठवड्यांनंतर एका गटाच्या वेदना कमी झालेल्या आढळल्या. मात्र नसेच्या वेगाच्या तपासणीत तसा फरक दिसला नाही. याचा अर्थ सरळ आहे. मानवणारी कळ वेदना कमी करू शकते. दबलेली नस मोकळी करण्याचे औषध मात्र ती नव्हे. ‘या कीबोर्डने हाताचे विकार बरे होतात’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

मराठी टाईप करणाऱ्यांसाठी

मराठीत दोन मांडण्या अधिक प्रचलित आहेत. एक रेमिंग्टन, म्हणजे जुन्या मराठी टंकयंत्रांवरून आलेली, आणि दुसरी इन्स्क्रिप्ट, जी १९८०च्या दशकात भारतीय भाषांसाठी सरकारी पुढाकाराने तयार झाली. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे असतात. काम दोन्ही हातांत वाटले जाते, हे तिचे चांगले अंग. पण ख, घ, थ, भ, ळ, ण अशी अनेक अक्षरे शिफ्ट कळ धरून उमटवावी लागतात, आणि शिफ्ट करंगळीच्या वाट्याला येते. हातातील सर्वांत दुबळ्या बोटाला सर्वांत अधिक वेळ दाबून धरण्याचे काम!

सिन्नरच्या विद्यार्थिनीची करंगळी का दुखते, याचे उत्तर मला येथे दिसते. बरेच विद्यार्थी सगळ्या अक्षरांसाठी डावीकडचीच शिफ्ट वापरतात. नियम असा आहे, की अक्षर ज्या हाताचे असेल त्याच्या विरुद्ध हाताने शिफ्ट धरावी. ‘ख’, ‘घ’, ‘थ’, ‘भ’, ‘ळ’ इन्स्क्रिप्टमध्ये उजव्या हाताची, तेव्हा शिफ्ट डावीकडची. ‘आ’, ‘इ’, ‘ण’ डाव्या हाताची, तेव्हा शिफ्ट उजवीकडची. एकाच हाताने दोन्ही कळा दाबायला गेले की पंजा ताणला जातो आणि मनगट बाहेरच्या बाजूला वळते. म्हणून मराठीसाठी कीबोर्ड घेताना दोन्ही शिफ्ट कळा पूर्ण लांबीच्या आहेत का हे पाहावे. काही लहान कीबोर्डमध्ये उजवी शिफ्ट आखूड करून जागा वाचवलेली असते.

परीक्षेच्या उमेदवारांना आणखी एक सूचना. परीक्षा केंद्रावर केंद्राचाच कीबोर्ड वापरावा लागतो, आणि तो बहुधा साधा रबरी असतो. घरी मेकॅनिकलवर सराव केला तरी शेवटचे तीन-चार आठवडे अर्धा सराव साध्या कीबोर्डवर करावा. हात ऐनवेळी बिचकणार नाही. दुसरे म्हणजे, तीन तास सलग बसण्याऐवजी अर्ध्या अर्ध्या तासाचे सहा भाग करावेत. थकलेला हात चुका करतो आणि चुकाच पक्क्या होतात. हिवाळ्यात निफाडला पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. अशा पहाटे सरावाला बसण्यापूर्वी हात पाच मिनिटे कोमट पाण्यात धरावेत. गारठलेली बोटे ताठ असतात आणि उगाच जोर लावतात.

गेम खेळणाऱ्या मुलांसाठी

पालकांना प्रथम एक सांगतो. संगणकावर खेळणे म्हणजे वाया जाणे, ही समजूत आता सोडावी. २०२३मध्ये चीनमधील हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत या खेळांसाठी पदके दिली गेली. त्याचबरोबर, जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर ओढीची आजारांच्या यादीत नोंद केली आहे आणि ती यादी २०२२पासून लागू झाली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तासांचे मोजमाप सर्वांना सारखे नसते. खेळ थांबविणे मुलाला जमत नाही, अभ्यास-जेवण-झोप यांपेक्षा खेळ पुढे जातो, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहतो, असे बराच काळ, साधारण वर्षभर दिसले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. अशा मुलाला भारी कीबोर्ड हे उत्तर नव्हे, आणि कीबोर्ड काढून घेणे हेही नव्हे.

आता कीबोर्डविषयी. बहुतेक खेळांत डाव्या हाताची तीन बोटे डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर, अंगठा स्पेसबारवर आणि करंगळी शिफ्टवर ताणून धरलेली असते. उजवा हात माउसवर असतो. साध्या कीबोर्डवर तीन-चार कळा एकदम दाबल्या की कधी कधी एखादी कळ लागत नाही. मुलाला वाटते आपणच हळू दाबली, म्हणून तो आणखी जोराने दाबतो. म्हणून खेळासाठी कीबोर्ड घ्यायचाच असेल तर अनेक कळा एकाच वेळी ओळखणारा घ्यावा. मुलाची ती मागणी रास्त आहे. दिव्यांचा मात्र हाताशी काही संबंध नाही, आणि रात्री खेळताना ते बंदच ठेवावेत.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट कीबोर्डच्या लांबीची आहे. पूर्ण कीबोर्ड सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असतो, कारण उजवीकडे आकड्यांचा वेगळा चौकोन असतो. त्यामुळे माउस दूर जातो, उजवा दंड सतत अंगापासून लांब राहतो आणि खांदा भरून येतो. आकड्यांचा चौकोन नसलेला कीबोर्ड सुमारे ३६ सेंटिमीटरचा असतो. तेवढ्याने माउस वीतभर नसला तरी चार बोटे नक्कीच जवळ येतो. डेन्मार्कमध्ये संगणक वापरणाऱ्या हजारो कर्मचाऱ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. कीबोर्डच्या वापराने मनगटातील नस दबते असे त्यात दिसले नाही. माउस आठवड्याला वीस तासांहून अधिक वापरणाऱ्यांत मात्र तशा तक्रारी अधिक आढळल्या. म्हणून हात दुखला की दोष फक्त कीबोर्डला देऊ नये, माउसवरच्या हाताकडेही पाहावे. हिशेब लिहिणाऱ्यांना आकड्यांचा चौकोन लागतोच. त्यांनी तो सुटा घेऊन डावीकडे ठेवावा, किंवा आकड्यांचे काम चालू असताना माउस बाजूला सारावा.

कीबोर्डइतकेच टेबलही महत्त्वाचे

पाच हजारांचा कीबोर्ड उंच टेबलावर ठेवला तर त्याचा उपयोग शून्य. आपल्याकडील टेबल साधारण अडीच फूट उंच असते. पाच फूट दोन इंच उंचीच्या स्त्रीला ते फार उंच पडते. खांदे वर उचलले जातात आणि मनगट वर वाकते. टेबल कापता येत नाही, म्हणून खुर्चीवर उशी किंवा घडी केलेली सतरंजी घालून स्वतः उंच व्हावे आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून पायांखाली पाट ठेवावा. कोपर काटकोनात, दंड अंगालगत आणि मनगट सरळ, ही खूण लक्षात ठेवावी.

कीबोर्डच्या मागच्या बाजूला दोन छोटे पाय असतात. ते उघडून ठेवायचे असतात अशी सार्वत्रिक समजूत आहे. ते उघडले की मागची बाजू वर येते आणि मनगट अधिकच वर वाकते. हे पाय मिटूनच ठेवावेत. मेकॅनिकल कीबोर्ड जात्याच जाड असतात. त्यांच्यापुढे तितक्याच जाडीची टॉवेलची घट्ट घडी ठेवली तर चालेल, पण तिच्यावर तळव्याची टाच टेकवावी, मनगट नव्हे, आणि तीही थांबल्यावर. टाईप करताना हात पेटीवादकाच्या हातांसारखे मोकळे तरंगते हवेत.

लॅपटॉप वापरणाऱ्यांची पडद्यासाठी मान वाकते आणि कळांसाठी हात वर जातात. त्यांनी लॅपटॉप जाड पुस्तकांवर ठेवावा आणि वेगळा कीबोर्ड जोडावा. साधा कीबोर्डही येथे मोठे काम करतो. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे उठावे, मुठी उघडाव्यात-मिटाव्यात, खांदे फिरवावेत आणि वीस फुटांवरील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे.

केव्हा डॉक्टरांकडे जावे?

काम केल्यावर दुखणे आणि रात्रीच्या विश्रांतीनंतर थांबणे, हा थकवा आहे. वर सांगितलेल्या उपायांनी तो जातो. पुढील लक्षणे मात्र वेगळी आहेत.

अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होणे, मुंग्यांनी रात्री जाग येणे, हात झटकल्यावर बरे वाटणे, हे मनगटाच्या बोगद्यात नस दबल्याचे लक्षण आहे. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, मनगटे खाली वाकवून एक मिनिट धरावीत. मुंग्या आल्या तर संशय बळावतो. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात, लठ्ठपणा आणि गरोदरपण यांत हा त्रास अधिक होतो, म्हणून रक्ततपासणीही करावी लागते. नाशिकरोडच्या वाचकांना माझा आग्रह आहे, की नव्या कीबोर्डआधी त्यांनी ही तपासणी करून घ्यावी. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधल्याने अनेकांना आराम पडतो. दुर्लक्ष केल्यास अंगठ्याखालचा मांसल उंचवटा झिजतो, हातातून वस्तू निसटू लागतात आणि मग शस्त्रक्रियेवाचून मार्ग राहत नाही.

फक्त करंगळी आणि शेजारचे अर्धे बोट बधिर होत असेल तर दोष बहुधा कोपरापाशी असतो. टेबलाच्या टणक कडेवर कोपर टेकण्याची सवय सोडावी. मानेपासून कळ येत असेल तर मानेची तपासणी हवी. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर आधी मोबाईलवर अंगठा किती चालतो ते पाहावे.

दुकानात जाताना

महात्मा गांधी रोडवर किंवा आपल्या गावात कीबोर्ड घ्यायला जाल, तेव्हा एवढे लक्षात ठेवा.

१. डबा पाहून घेऊ नका. कीबोर्ड टेबलावर ठेवून, खुर्चीवर बसून निदान पाच मिनिटे एक उतारा टाईप करून पाहा.

२. कळ हलकेच दाबून अक्षर अर्ध्यावर उमटते का ते पाहा. चारही कोपऱ्यांच्या आणि मधल्या कळा सारख्याच जोराने दबल्या पाहिजेत.

३. टायपिंग मुख्य असेल तर तपकिरी घ्या. टंकयंत्राचा हात असेल आणि घरच्यांची हरकत नसेल तर निळी चालेल. खेळ मुख्य असेल तर लाल. दोन्ही कामे एकाच कीबोर्डवर करायची असतील तर तपकिरीच बरी.

४. आकड्यांचे काम नसेल तर आखूड कीबोर्ड घ्या, पण दोन्ही शिफ्ट कळा पूर्ण लांबीच्या असू द्या.

५. पैसे मोजकेच असतील तर आधी बसण्याची उंची दुरुस्त करा आणि साधा चांगला कीबोर्ड घ्या. उरलेल्या पैशांत जमले तर मेकॅनिकल.

६. घरी आल्यावर पहिला आठवडा रोज अर्ध्या तासाहून अधिक वापरू नका. नव्या चपलेप्रमाणे नवी कळही बोटांना रुळू द्यावी लागते.

परीक्षेचा निकाल, घरबसल्या मिळणारी चार पैशांची कामे आणि मुलांचा खेळ, हे सारे शेवटी दहा बोटांवर अवलंबून आहे. कीबोर्ड बिघडला तर दुसरा आणता येतो. बोटांचे तसे नाही, म्हणून मुंग्या आणि बधिरपणा पंधरा दिवसांहून अधिक टिकला तर अंगावर काढू नये. जवळच्या डॉक्टरांना हात दाखवावा.